मुदत संपायच्या आत घर सोडायचं असेल तर

घरमालकाला किरायदार बाहेर काढायचा असेल तर कायद्यात कारणांची यादी आहे, नोटिशीची रीत आहे, आणि कुणाची अडचण मोठी हे जोखण्याची सोयही करून ठेवलेली आहे. कर्नाटकाच्या १९६१ च्या किराया नियंत्रण कायद्यातलं कलम २१ चं चौथं पोटकलम कोर्टाला बजावत असे: मालकाला घर स्वतःसाठी खरोखर लागत असलं, तरी हुकूम दिल्यानं होणारा त्रास न दिल्यानं होणाऱ्या त्रासापेक्षा मोठा असेल, तर हुकूम देऊ नका. मुंबईच्या १९४७ च्या कायद्यात हेच होतं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात कलम १६ मध्ये ते आजही आहे. पण किरायदारालाच घर सोडायचं आहे, मुदत बाकी आहे, आणि कारण नोकरी गेल्याचं, घरातल्या दुखण्याचं किंवा कमावता माणूस गेल्याचं आहे, तर? त्याची अडचण कुठल्या तराजूत घालायची, याबद्दल आपले कायदे गप्प आहेत.

असं का झालं, ते समजण्यासारखं आहे. या कायद्यांचा साचा घरटंचाईच्या दिवसांत घडला. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरं फुगत होती, घरं मिळत नव्हती, आणि एकच भीती सगळ्यांना खात होती: मालक उद्या बाहेर काढेल. घरात अडकून पडलेला किरायदार त्या पिढीनं पाहिलाच नव्हता. घर मिळालं की माणूस ते हयातभर धरून बसायचा. बदली, कंत्राटी नोकरी, अकरा महिन्यांचा करार आणि हजारो रुपयांचा अ‍ॅडव्हान्स हे सगळं नंतरचं आहे.

बिदर आणि कलबुर्गीच्या पट्ट्यात हा प्रश्न जरा जास्त बोचतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा फुटला. भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. त्याआधी या सगळ्या गावांना निजामाच्या जुन्या मुलखाचा, म्हणजे हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाड्याचा कायदा लागू होता. बिदरमध्ये १९६१ नंतर कर्नाटकाचा कायदा आला. उदगीरला मात्र तो हैदराबादी कायदा थेट ३१ मार्च २००० पर्यंत चालला. त्या दिवशी महाराष्ट्राचा नवा कायदा अमलात आला आणि जुना रद्द झाला. म्हणजे एकाच भावकीतला एक भाऊ उदगीरला आणि दुसरा भालकीला किरायानं राहत असेल, तर दोघांचे कागद वेगळे, हक्क वेगळे, आणि सल्ले मात्र एकमेकांना सर्रास दिले जातात. महाराष्ट्रात घर देताना करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी कलम ५५ नं मालकावर टाकली आहे. तो नोंदवला नाही, तर अटींबद्दल किरायदार जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे भालकीत कुणी ऐकलं आणि तेच आपल्यालाही लागू आहे असं समजला, तर फसगत ठरलेली.

कर्नाटकात १९९९ चा किराया कायदा ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आहे. पण तो सगळ्या घरांना लागत नाही. मोठ्या शहरांत महिना साडेतीन हजारांवर आणि इतरत्र दोन हजारांवर किराया गेला, की घर त्या कायद्याच्या बाहेर पडतं. कलबुर्गीत किंवा बिदरमध्ये दोन खोल्यांचं बरं घर आज या आकड्यांत मिळणं कठीण. त्यामुळं बहुतेक किरायदारांचा खरा कायदा इंग्रजांच्या काळातला आहे: १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, आणि त्याच्या जोडीला १८७२ चा करार कायदा. जुने असले तरी दोन्ही कायदे, नीट वाचले तर, अडचणीतल्या माणसाला पुष्कळ कामाला येतात.

एक उदाहरण घेऊ. भालकीकडचा एक माणूस कलबुर्गीत डाळमिलमध्ये हिशेबनीस आहे. किराया आठ हजार, अ‍ॅडव्हान्स तीस हजार, करार अकरा महिन्यांचा, कन्नडमध्ये, ई-स्टॅम्पवर. पाचव्या महिन्यात गावाकडं वडिलांना लकवा मारतो आणि मिलमध्ये हंगाम संपल्यावर कामावरूनही कमी करतात. तो मालकाकडं जातो. “अण्णा, बाबांचं असं झालंय, मला गावाकडं जावं लागतंय, घर खाली करतो.” अण्णाही वाईट माणूस नाही, निवृत्त आहे, वरच्या मजल्याच्या किरायावर त्याच्या बायकोची औषधं चालतात. तो म्हणतो, “अकरा महिने बोलला होतास. सहा महिन्यांचा किराया राहिलाय. अ‍ॅडव्हान्स काही मिळायचा नाही.” इथं दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत आहेत, आणि दोघांनाही कायदा काय म्हणतो ते माहीत नाही.

सगळ्यात आधी कागद वाचायचा. आपल्याकडं करार बहुधा कन्नडमध्ये असतो, लिहिणारा कोर्टाबाहेर बसलेला असतो, आणि मराठी घरातला माणूस ‘वाचून दाखवलं, कबूल आहे’ या ओळीखाली सही करून मोकळा होतो. कन्नड येणाऱ्या कुणाकडून तरी एकेक ओळ वाचून घ्यावी. शोधायच्या गोष्टी चारच: मुदत किती, मुदतीआधी सोडण्याबद्दल काही लिहिलं आहे का, नोटीस किती दिवसांची, आणि अ‍ॅडव्हान्समधून काय काय कापायचं ठरलं आहे. पुष्कळ करारांत ‘दोन्ही पक्षांपैकी कुणीही एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकेल’ अशी ओळ छापील नमुन्यातच असते. ती असली, तर पुढचं बरंचसं भांडण उरतच नाही. अडचण सांगायचीही गरज नाही. महिन्याची नोटीस द्यायची, महिना भरायचा, निघायचं.

मुदतीचा आकडा बारा महिन्यांपेक्षा मोठा असेल आणि करार नोंदवलेला नसेल, तर गोष्ट आणखी वेगळी होते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०७ म्हणतं की एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा, म्हणजे भाडेकरार, नोंदणी केलेल्या दस्तानंच होतो. तीन वर्षांचा करार नुसत्या बाँडवर केला, नोटरीनं शिक्का मारला, तरी ती तीन वर्षं कायद्यात उभी राहत नाहीत. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं अँथनी विरुद्ध इत्तूप या खटल्यात हे स्पष्ट केलं: असा करार निकामी ठरला तरी ताबा दिला आहे, किराया घेतला आहे, म्हणून भाडेसंबंध राहतोच, पण तो महिन्यामहिन्याचा. आणि महिन्यामहिन्याचा किरायदार कलम १०६ प्रमाणं पंधरा दिवसांच्या नोटिशीवर निघू शकतो. २००२ च्या दुरुस्तीनंतर हे पंधरा दिवस नोटीस हातात पडल्यापासून मोजतात. ‘तीन वर्षं लॉक-इन आहे’ असं म्हणून घाबरवलं जातं तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा, की हा कागद सब-रजिस्ट्रारकडं नोंदवला होता का?

आपल्या हिशेबनिसाचा करार मात्र अकरा महिन्यांचा आहे. नोंदणी सक्तीची नाही, मुदत ठरलेली आहे, आणि समजा मधेच सोडण्याची अट त्यात नाही. इथं खरी कोंडी आहे. ठरलेल्या मुदतीचा पट्टा एका बाजूनं, नुसत्या नोटिशीनं संपत नाही. मालकानं घर परत घ्यायला हवं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १११ याला दोन वाटा देतं. एक, दोघांनी मिळून, बोलून किंवा लिहून, पट्टा संपवायचा. दुसरी, वागण्यातून संपवायचा: किरायदारानं चावी दिली, मालकानं घेतली, घर साफ करून दुसऱ्याला दिलं, की जुना पट्टा तिथंच मिटला असं कायदा धरतो. म्हणून या सगळ्या प्रकरणात चावीइतकी महत्त्वाची वस्तू दुसरी नाही. पुष्कळ लोक भांडण झालं की सामान हलवतात, दाराला आपलं कुलूप लावतात आणि ‘अ‍ॅडव्हान्स देईपर्यंत चावी देणार नाही’ म्हणून गावी जाऊन बसतात. हा सगळ्यात महाग पडणारा हट्ट. कुलूप तुमचं, म्हणजे ताबा तुमचा, म्हणजे किरायाचं मीटर चालूच.

मालक चावी घेतच नसेल तर? तर करार मोडल्याचा भुर्दंड किती, एवढाच प्रश्न उरतो, आणि तिथं करार कायदा मदतीला येतो. कलम ७३ नुसार नुकसानभरपाई प्रत्यक्ष झालेल्या नुकसानाची असते, आणि त्याच कलमाच्या खुलाशात लिहिलं आहे की नुकसान कमी करण्याचे कोणते उपाय हाताशी होते, तेही पाहायचं. कलम ७४ तर आणखी मोलाचं. करारात दंड म्हणून एखादी रक्कम लिहून ठेवली असली, तरी ती कमाल मर्यादा समजायची. मिळणार वाजवी भरपाईच. १९६३ च्या फतेहचंद खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय हे सांगत आलं आहे, आणि २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात त्यानं अनामत जप्त करण्यालाही हीच कसोटी लावली: नुकसानच झालं नसेल, तर दुसऱ्याची ठेव गिळता येणार नाही.

आता अण्णांचा हिशेब पुन्हा मांडू. ते म्हणतात, सहा महिन्यांचे अठ्ठेचाळीस हजार बुडाले, म्हणून तीस हजार ठेवून घेतो. पण घर महिन्याभरात दुसऱ्यानं घेतलं, तर त्यांचं नुकसान एका महिन्याच्या किरायाचं, म्हणजे आठ हजारांचं. फार तर एजंटाला दिलेले पैसे त्यात धरा. बाकीचे बावीस हजारांच्या आसपास परत करायला हवेत. नवा किरायदार घेऊन जुन्याकडूनही तेच महिने वसूल करणं हे भरपाईच्या तत्त्वात बसत नाही. किरायदारानं स्वतःच कुणी नवा माणूस शोधून आणला, त्याची माहिती मालकाला लेखी दिली, तर त्याची बाजू आणखी भक्कम होते. पुढं ‘घर रिकामं पडलं’ असं म्हणायला मालकाला जागा राहत नाही. कलबुर्गीत जूनच्या तोंडाला, कॉलेजं सुरू होताना, असा माणूस सापडणं अवघड नसतं. भर उन्हाळ्यात त्याला वेळ लागतो.

‘पण माझी परिस्थितीच अशी झाली की करार पाळणं अशक्य आहे’ हा युक्तिवाद लोक मनापासून करतात. माणूस म्हणून तो खरा आहे. कोर्टात चालत नाही. करार कायद्याचं कलम ५६ अशक्य झालेल्या करारांबद्दल आहे, पण १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजा ध्रुव देव चंद यांच्या खटल्यात ते पट्ट्यांना लागू नाही असं ठरवलं. त्या खटल्यामागं फाळणी होती. पट्ट्यानं घेतलेली जमीन पाकिस्तानात गेली, पट्टेदाराला कसता आली नाही, आणि तरी भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. कारण, न्यायालयाच्या मते, पट्टा म्हणजे पुढं पाळायचं नुसतं वचन नव्हे, जमिनीतला हक्क एकदा देऊन झालेला असतो. देश तुटूनही जो नियम वाकला नाही, तो एका माणसाच्या लकव्यानं किंवा गेलेल्या नोकरीनं वाकेल ही आशा धरू नये.

कोविडच्या साथीत हे पुन्हा दिसलं. देशातला कोविडचा पहिला मृत्यू कलबुर्गीच्या माणसाचा, १० मार्च २०२० चा. त्यानंतरच्या आठवड्यांत खोल्या घेऊन राहणारी पोरं, मजूर, कंत्राटी कामगार सगळे एकाच पेचात सापडले: काम बंद, किराया चालू. केंद्रीय गृह मंत्रालयानं २९ मार्चला आदेश काढून मजुरांकडून एक महिना किराया मागू नका, मजुरांना आणि विद्यार्थ्यांना घर खाली करायला लावू नका, असं सांगितलं. तो तेवढ्यापुरताच होता. मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानं एका दुकानाच्या खटल्यात स्पष्ट केलं की जागा ताब्यात ठेवून किराया थांबवता येणार नाही. थोडी सवलत फक्त भरण्याच्या तारखांत दिली. म्हणजे पुन्हा तेच: परवडत नसेल तर जागा सोडा, आणि नीट सोडा.

एका प्रसंगात मात्र कायदा सरळ किरायदाराच्या बाजूनं उभा राहतो. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला पूर आला तेव्हा अफझलपूर, जेवर्गी भागातल्या कितीतरी घरांत पाणी शिरलं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ च्या (ङ) खंडात लिहिलं आहे की आग, वादळ, पूर किंवा जमावाची हिंसा यांमुळं घराचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला, किंवा राहण्याच्या कामाचा कायमचा उरला नाही, तर पट्टा रद्द धरायचा की नाही हे किरायदारानं ठरवायचं. भिंत फुगली, ओल आली एवढ्यावर हे लागू होत नाही. राहणंच अशक्य व्हावं लागतं. आणि ते सांगावं लागतं, लेखी, फोटोंसह, लगेच.

कमावता माणूसच गेला तर घरच्यांचं काय, हा प्रश्न विचारायला लोक कचरतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याखालचा पट्टा माणसाबरोबर मरत नाही, तो वारसांकडं येतो. त्यामुळं मागं राहिलेल्या बाईला मालक दुसऱ्या दिवशी बाहेर काढू शकत नाही. पण तिनं काहीच केलं नाही, तर किरायाही तुंबत जातो. अंत्यविधीनंतरच्या त्या दिवसांत भावानं, दिरानं कुणीतरी हे काम अंगावर घ्यावं: वारसांच्या सहीनं नोटीस, चावी, पावती. नवऱ्यानं खोलीसाठी दिलेला अ‍ॅडव्हान्स हाही त्याच्या मालमत्तेचाच भाग आहे आणि तो मागायचा वारसांना पूर्ण हक्क आहे. ‘आता कसं मागायचं’ म्हणून सोडून दिलेली ही रक्कम पुष्कळ घरांना पोरांच्या एका वर्षाच्या शाळेइतकी असते.

किरायदाराची अडचण तोलण्याबाबत आपल्या कायद्यात जी रिकामी जागा आहे, ती बाहेरच्या काही देशांनी भरली आहे. न्यूझीलंडच्या १९८६ च्या कायद्यात कलम ६६ आहे: करार झाल्यानंतर माणसाच्या परिस्थितीत अनपेक्षित बदल झाला आणि त्याला गंभीर अडचण येणार असेल, तर न्यायाधिकरण मुदत कमी करू शकतं. ती अडचण समोरच्याला होणाऱ्या त्रासापेक्षा मोठी आहे का, हे ते तोलतं, आणि मालकाला भरपाईही देववू शकतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या २०१० च्या कायद्यातही किरायदारासाठी अशीच तरतूद आहे. सिडनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती ठाऊक असलेली बरी. तराजू तोच आहे, जो कर्नाटकानं १९६१ मध्ये वापरला होता. त्यांनी तो दुसऱ्या बाजूनंही वापरला, एवढंच. आपल्या केंद्र सरकारनं जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या किरायापुरती मर्यादित केली आहे. पण तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारला तरच कायदा होतो, आणि अडचणीमुळं लवकर सोडण्याबद्दल तोही पुरेसं बोलत नाही. कर्नाटक आपला कायदा पुढं नवा करील तेव्हा ही एक ओळ त्यात यावी असं मला फार वाटतं. ज्या जिल्ह्यांतून दर वर्षी एवढी माणसं कामासाठी हैदराबादला, पुण्याला, बेंगळुरूला जातात-येतात, तिथल्या आमदारांनी ती मागायला हवी.

तोवर ती ओळ करारातच घालून घ्यावी. करार लिहिताना, सगळे चहा पीत बसलेले असताना, मालकही खुशीत असतो. साधं वाक्य पुरे: ‘नोकरी जाणं, बदली, गंभीर आजार किंवा कुटुंबातील मृत्यू यांमुळे किरायदारास मुदतीपूर्वी घर सोडावे लागल्यास त्याने एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी, त्याहून अधिक किराया किंवा दंड देय राहणार नाही आणि अ‍ॅडव्हान्स घर खाली केल्याच्या दिवशी परत करावा.’ हे कन्नडमध्ये उतरवून घ्यावं. रंगकामाचे पैसे कापायचे असतील तर किती, तेही आकड्यात लिहावं, कारण आपल्याकडं शेवटची बाचाबाची बहुतेक पेंटिंगवरून होते.

आणि जो आज अडकला आहे, त्यानं नोटीस लिहावी. वकिलाकडूनच हवी असं नाही. ‘मी अमुक तारखेपासून आपल्या घरात किरायानं राहतो. वडिलांच्या आजारपणामुळं व काम सुटल्यामुळं मला गावी जाणं भाग आहे. ही नोटीस मिळाल्यापासून इतक्या दिवसांनी, अमुक तारखेला, मी घर खाली करून चावी देईन. त्या दिवसापर्यंतचा किराया व वीजबिल भरीन. अ‍ॅडव्हान्स हिशेब करून परत द्यावा.’ खाली सही. एक प्रत हाती देऊन पोच घ्यावी, एक स्पीड पोस्टानं पाठवावी, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकावा. मालक सहीला नाही म्हणाला, तरी पोस्टाचा पुरावा राहतो. चावी देताना दोन ओळींची पावती घ्यावी. घेत नसेल तर शेजारच्या दोघांसमोर द्यायला जावं आणि तसं त्याच दिवशी लिहून कळवावं.

एवढ्यावरही पैसे अडले, तर कोर्टाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बिदरलाही आहे आणि कलबुर्गीलाही; तालुक्याच्या ठिकाणी समित्या असतात. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग, औद्योगिक कामगार, पूर-दुष्काळात सापडलेले लोक आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे, या सगळ्यांना वकील फुकट मिळतो. १५१०० या नंबरवर फोन करता येतो. दावा दाखल होण्याआधीच दोघांना बोलावून लोक अदालतीत तोडगा काढता येतो, आणि तिथला निवाडा कोर्टाच्या हुकमासारखाच पक्का, त्यावर अपील नाही. वीस-बावीस हजारांसाठी वर्षानुवर्षं दिवाणी दावा चालवण्यापेक्षा मला हीच वाट बरी वाटते. पैसे मागायची मुदत साधारण तीन वर्षांची आहे, पण उशीर जितका, तितके साक्षीदार पांगतात.

घर सोडायच्या दिवशी एक काम लोक हमखास विसरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कलबुर्गीतच सुरू झालेल्या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत किरायदारांनीही आपलं आधार घराच्या मीटरशी जोडलं आहे. जुन्या घराच्या वीजजोडणीचा आर.आर. नंबर आधारपासून डी-लिंक केल्याशिवाय नव्या घरी ती सवलत मिळत नाही. मीटरचा फोटो काढावा, वीज कंपनी जेस्कॉमचं शेवटचं बिल भरून पावती चावीच्या पावतीला टाचावी, आणि सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर जाऊन ते डी-लिंक करून टाकावं.